अडीच वॉटची चाकं

मागच्या महिन्यात आमच्या लॅबमधला एक ज्युनिअर लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि गोव्याच्या ७०.३ ट्रायथलॉनला नाव घातलंय त्यानं. म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि मग २१.१ किलोमीटर धावणं. त्याला कुणीतरी सेकंडहँड कार्बनची चाकं देऊ केली होती. ६० मिलिमीटर खोल रिमची, किंमत पासष्ट हजार. चालवून बघायला दोन दिवस दिली होती.

"ताई, घेऊ का? कंपनी म्हणते सात वॉट वाचतात. मी स्वतः मोजलं, तर आठ आले!"

स्क्रीनवर ग्राफ होता. जुन्या चाकांवर ताशी ३५ किलोमीटरला इतके वॉट, नव्यावर आठ वॉट कमी. दोन सुबक रेषा. स्वतः मोजलेलं आणि छापलेलं जुळलं की बरं वाटतंच. पण नेमकं ते जुळणं बघूनच मला शंका आली. का, ते सांगण्यासाठी ही पोस्ट. तुम्ही सायकल चालवत नसाल तरी वाचा. सिनॉप्सिस लिहिताना, पहिला प्रयोग मांडताना हेच सगळं समोर येणार आहे.

आधी थोडं भौतिकशास्त्र, अकरावीचंच. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते. एक हवा बाजूला सारण्यात, दुसरी टायर रस्त्यावर चेपला-उमलला जाण्यात, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्समध्ये. हवेचा खर्च = अर्धा × हवेची घनता × सीडीए × वेगाचा घन. सीडीए म्हणजे रोधगुणांक गुणिले समोरून दिसणारं क्षेत्रफळ. माणूस आणि सायकल मिळून हवेला केवढे "मोठे" लागतात त्याचं माप. एअरोबारवर बऱ्यापैकी वाकून बसणाऱ्या हौशी खेळाडूसाठी ०.२७ चौरस मीटर धरू. दमट किनाऱ्यावरची घनता १.१५ किलो प्रति घनमीटर, सायकलसकट वजन ८५ किलो, रोलिंगचा गुणांक ०.००५.

ताशी ३५ म्हणजे सेकंदाला ९.७२ मीटर. हवेला लागतात सुमारे १४३ वॉट, टायरना ४०. एकूण १८३. हा आकडा लक्षात ठेवा.

आता चांगल्या चाकांनी सीडीए ०.००५ ने कमी होतो असं समजू. (तुम्हाला कमी वाटत असेल तर दुप्पट धरा, पुढचं सगळं दुप्पट होईल.) वरच्या सूत्रात घातलं की ताशी ३५ ला उत्तर येतं २.६ वॉट. सात नाही. मग कंपनी खोटं बोलते का? नाही. विंड टनेलमधल्या चाचण्या बहुतेक वेळा ताशी ४८ किलोमीटरच्या, म्हणजे तीस मैलांच्या वाऱ्यावर होतात. त्या वेगाला तेच ०.००५ घाला, ६.८ वॉट येतात. आकडा खराच आहे, फक्त तो ताशी ४८ ने जाणाऱ्या माणसाचा आहे. आमचा ज्युनिअर ३५ ने जातो, आणि वेगाचा घन लागतो म्हटल्यावर फायदा अडीच पटींहून जास्त खाली येतो.

इथे एक मजा आहे, ती मला स्वतःला आधी पटली नव्हती. वॉट कमी वाचतात म्हणजे हळू जाणाऱ्याचा फायदा कमी असं वाटतं, पण वेळ मोजला तर उलटं होतं. ९० किलोमीटरला ताशी ३५ वाल्याचे ५२ सेकंद वाचतात, ताशी ४५ वाल्याचे ४२. कारण हळू जाणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो. त्यामुळे "ही चाकं फक्त प्रोफेशनल लोकांसाठी" हे वाक्यही अर्धवटच. तुम्ही काय मोजताय, वॉट की सेकंद, त्यावर निष्कर्ष फिरतो. पेपर वाचताना हे हमखास तपासा: लेखकानं निवडलेलं एकक त्याच्या बाजूनं झुकलेलं आहे का?

असो. मुद्दा असा, की ताशी ३५ ला २.६ वॉट यायला हवे होते आणि पोराला आले आठ. जाहिरातीशी जुळले म्हणून तो खूश. मी म्हणाले, जुळायला नको होते, आणि जुळले, म्हणजे कुठेतरी गडबड आहे.

मग त्याला एकेक विचारत गेले.

दोन्ही चाकांवर टायर कुठले होते? जुन्या चाकांवर रोजचे, पंक्चर होऊ नये म्हणून जाड पट्टा असलेले. नव्यावर मालकानं आधीच चढवलेले रेसचे. साध्या टायरपासून चांगल्या रेस टायरपर्यंत रोलिंगचा गुणांक ०.००५ वरून ०.००४ वर येणं अगदी शक्य असतं. दिसायला हजारात एक, पण ८५ किलो वजन आणि ताशी ३५ वेग धरलात तर ते होतात ८ वॉट. चाकाच्या तिप्पट! आणि टायरची किंमत पासष्ट हजार नसते.

कुठल्या वेळी चालवलीस? जुनी शनिवारी सकाळी सहाला, तेव्हा वीस डिग्री होतं. नवी रविवारी साडेनऊला, कारण शनिवारी रात्री उशिरा झोपला. तेव्हा अठ्ठावीस. हवा तापली की विरळ होते. आठ डिग्रीला घनता पावणेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि १४३ वॉटचे पावणेतीन टक्के म्हणजे जवळजवळ ४ वॉट. उशिरा उठल्याचा फायदा चाकांच्या खात्यावर जमा.

टायर किती रुंद? जुने २५ मिलिमीटर, नवे २८. आणि सायकल कॉम्प्युटरमध्ये चाकाचा घेर? "तो एकदाच टाकलाय, ताई." तिथेच. २५ च्या टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर, २८ चा २१३६. दीड टक्क्याचा फरक. म्हणजे नव्या चाकांवर कॉम्प्युटर ३५ दाखवत होता तेव्हा तो खरं साडेपस्तीसने जात होता, आणि त्यासाठी सात वॉट जास्त घालवत होता. ही चूक नव्या चाकांच्या विरुद्ध गेली.

बेरीज करा. टायरचे ८, हवेचे ४, चाकांचे २.६, वजा वेगाच्या चुकीचे ७. उत्तर येतं साडेसातच्या वर. त्याला आठ दिसले. तीन चुका, त्यातल्या दोन एका दिशेच्या, एक उलट्या दिशेची, आणि त्यांच्या बेरजेतून बरोब्बर जाहिरातीच्या शेजारचा आकडा. तो नऊ किंवा उणे दोन आला असता तर त्यानं स्वतःच शोधाशोध केली असती. अपेक्षित उत्तर आल्यावर कोण शोधतं? आपल्या सगळ्यांच्या थीसिसमध्ये असा एखादा "जुळलेला" ग्राफ असतो, आणि तो आपण कधीच पुन्हा तपासत नाही. माझ्याही एका चॅप्टरमध्ये होता. तो किस्सा वेगळ्या पोस्टचा आहे.

एकाच शर्यतीवरून चाकांबद्दल काही ठरवायचं असेल तर १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस आठवा. व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. फ्रान्सचा लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडनं त्याला त्या टप्प्यात ५८ सेकंदांनी मागे टाकलं आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. फिन्योंच्या सायकलला पुढे-मागे दोन्ही डिस्क व्हील होती, म्हणजे आरे नसलेली, तबकडीसारखी बंद चाकं. लेमाँडला फक्त मागे. मग डिस्कनं नुकसान होतं का? पण लेमाँडच्या हँडलवर ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेले एअरोबार होते, डोक्यावर निमुळतं हेल्मेट होतं. फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्यानं, पोनीटेल वाऱ्यावर सोडून. शिवाय त्याला बसायच्या जागी जखम झालेली होती. दोन माणसं, एक दिवस, पाच-सहा गोष्टी एकाच वेळी वेगळ्या. यातून चाकांबद्दल काहीच सांगता येत नाही. तरी लोक गेली पस्तीसहून जास्त वर्षं सांगतायत.

तर आम्ही प्रयोग पुन्हा केला. कॅम्पसच्या आत दीड किलोमीटरचा लूप आहे, पहाटे गाड्या नसतात. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या टायरच्या दोन जोड्या सायकलवाल्या मित्रांकडून उसन्या आणल्या आणि दोन्ही चाकांवर चढवल्या. हवेचा दाब एकाच गेजनं मोजला. टायरला खडूची खूण करून, माणूस वर बसवून, चाक एक फेरी फिरवून फरशीवरचं अंतर टेपनं मोजलं. दोन्हीचे घेर वेगवेगळे नोंदवले. लॅबमधला व्हर्निअर कॅलिपर पण नेला होता. (गाईडना सांगू नका.) त्याचं कारण खाली येतं.

क्रम ठेवला जुनी, नवी, नवी, जुनी. एबीबीए. साधी गोष्ट आहे, पण उपयोगी. सकाळ सरेल तसं तापमान चढत जातं. आधी सगळ्या फेऱ्या जुन्या चाकांवर आणि मग सगळ्या नव्यावर घेतल्या तर नव्याला आयती गरम हवा मिळते. एबीबीएमध्ये जुन्याच्या फेऱ्या पहिली आणि चौथी, नव्याच्या दुसरी आणि तिसरी. दोन्हींची सरासरी वेळ एकच. एका सरळ रेषेत चढणारा कुठलाही बदल आपोआप कटतो. तुमच्या इन्स्ट्रुमेंटचा ड्रिफ्ट असाच कटतो, स्पेक्ट्रोमीटर असो की आणखी काही.

विश्लेषणासाठी रॉबर्ट चंग यांची "व्हर्च्युअल एलिव्हेशन" पद्धत वापरली. कल्पना फार सुंदर आहे. वेग आणि वॉट दर सेकंदाला नोंदलेले असतात. सीडीएची एक किंमत गृहीत धरायची आणि विचारायचं, एवढी ताकद लावून एवढाच वेग आला तर रस्ता किती चढाचा असला पाहिजे? ते सेकंदागणिक जोडत गेलं की एक काल्पनिक उंची मिळते. आता लूप पूर्ण करून तुम्ही त्याच जागी आलात, म्हणजे उंची पहिल्याएवढीच आली पाहिजे. सीडीए चुकीचा धरला असेल तर काल्पनिक रस्ता दर फेरीला वर किंवा खाली सरकत जातो. तो सरकणं थांबेपर्यंत सीडीए बदलायचा. विंड टनेल नाही, खर्च नाही, फक्त ऊर्जेचा ताळा. वारा पडलेला हवा आणि मध्ये ब्रेक मारायचा नाही, एवढ्या अटी.

पॉवर मीटरबद्दल एक. तो पेडलमध्ये होता हे आमचं नशीब. मीटर एक-दीड टक्का चुकतो असं धरलं तर १८३ वॉटला अडीच वॉट इकडेतिकडे, म्हणजे जेवढं शोधायचंय तेवढीच चूक. पण दोन्ही वेळी तोच मीटर तसाच चुकत असेल तर वजाबाकीत ती चूक निघून जाते. मीटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असता तर? चाक बदललं की मीटरच बदलला. मग मोजलेला फरक चाकांचा की मीटरचा, कुणालाच सांगता आलं नसतं. तुमच्या प्रयोगात जी गोष्ट बदलायची आहे, तिलाच मोजपट्टी बांधलेली नाही ना, एवढं बघून घ्या.

निकाल काय? फरक दोन-तीन वॉटचा दिसला, नव्या चाकांच्या बाजूनं. पण एकाच चाकाच्या दोन फेऱ्यांमध्येच चार वॉटचा फरक होता. त्यानं डोकं जरा वर केलं, कोपर बाहेर गेलं, की एवढं होतंच. म्हणजे "नवी चाकं चांगली नाहीत" असं आम्ही म्हणू शकत नाही, आणि "चांगली आहेत" असंही नाही. हिशोब मांडला: फेरीगणिक विखुरणं ३ वॉट असेल आणि २.६ वॉटचा फरक त्याच्या एररच्या तिप्पट दिसायला हवा असेल, तर प्रत्येक चाकावर चोवीस फेऱ्या लागतात. एकूण अठ्ठेचाळीस. दहा-दहा मिनिटांच्या म्हटल्या तरी आठ तास, शिवाय चाकं बदलायचा वेळ. ट्रायथलॉन त्याहून लवकर संपते. हा हिशोब प्रयोगाआधी करायचा असतो, आम्ही नंतर केला. तुम्ही आधी करा.

हे झालं मोजण्याचं. आता खोली किती घ्यायची, कारण सेकंदांपेक्षा इथे हातपाय जास्त पणाला लागलेले असतात. वारा नेहमी समोरून येत नाही. आडव्या वाऱ्यात चाकाला हवा तिरकी लागते, आणि खोल रिम काही अंशांपर्यंत शिडासारखं काम करून रोध आणखी कमी करते. म्हणून कंपन्या वेगवेगळ्या कोनांना मोजून सरासरी देतात. पण कुठल्या कोनाला किती वजन द्यायचं ते त्याच ठरवतात! दहा-पंधरा अंशांना जास्त वजन दिलं तर खोल चाक जिंकतं, शून्य ते पाचला दिलं तर फरक आक्रसतो. हवामान ॲपवरचा वाराही तसाच्या तसा घेऊ नका. तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. आपण असतो एक मीटरवर, आणि तिथे मोकळ्या जागीही निम्मा ते साठ टक्केच उरतो. ॲपवर ताशी १५ चा आडवा वारा, ३५ चा वेग: सरळ हिशोबानं कोन २३ अंश, खरा तेरा-चौदा.

आडव्या वाऱ्याचा धक्का मागच्या चाकाला बसला तर सायकल फारशी वळत नाही. पुढच्याला बसला तर हँडलच फिरतं, आणि एअरोबारवर कोपरं टेकलेली असताना ते सावरणं अवघड. म्हणून मागे खोल, पुढे उथळ अशी जोडी दिसते. मागचं चाक फ्रेमच्या आणि पायांच्या आडोशाला असतं हे आणखी एक. तरीही हवाई बेटावरच्या कोना इथल्या आयर्नमन जागतिक स्पर्धेत डिस्क व्हीलला बंदीच आहे, तिथले आडवे वारे तसे आहेत. गोव्यात तसं नाही, पण समुद्रावरचा वारा दिवस चढेल तसा वाढतो, आणि पोहून यायला ज्याला वेळ लागतो त्याच्या वाट्याला तो जास्त येतो. आमचा पोरगा पोहण्यात कच्चा आहे आणि वजनानं अठ्ठावन्न किलो. ६० मिलिमीटर पुढे लावून तो एका संध्याकाळी पुलावर गेला आणि परत येऊन म्हणाला, "दोनदा बार सोडून हँडल धरावं लागलं." बार सोडून सरळ बसलं की सीडीए ०.००५ ने नाही, त्याच्या कितीतरी पट वाढतो. म्हणजे वाचवलेलं सगळं तिथेच गेलं.

व्हर्निअरची गोष्ट राहिली. रिम टायरपेक्षा थोडी रुंद हवी, नाहीतर टायरवरून आलेली हवा रिमला न चिकटता सुटते आणि खोल रिमचे पैसे वाया जातात. जॉश पोर्टनर यांच्या नावानं १०५ टक्क्यांचा एक ठोकताळा सांगतात: रिमची रुंदी टायरच्या निदान १०५ टक्के. पण टायरची रुंदी म्हणजे त्यावर छापलेली नव्हे, रिमवर चढवून हवा भरल्यावर मोजलेली. नवी रिम २७ मिलिमीटर होती, तिच्यावर २५.७ पर्यंत चालतं. मालकानं चढवलेला "२८" चा टायर कॅलिपरमध्ये २९ च्या जवळ भरला. म्हणजे ज्या चाकांची जाहिरात तो वाचत होता, ती चाकं अशा टायरसह मोजलेली असणं कठीणच.

वजनाचं झटपट सांगते, कारण दुकानात सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच. रिमवर अर्धा किलो कमी झाला तर शून्यापासून ताशी ३६ पर्यंत जाताना ५० ज्यूल वाचतात, आणि हे फिरणारं वजन "दुप्पट" धरून. १८० वॉटला पाव सेकंदाहून किंचित जास्त. सपाट रस्त्यावर पाव वॉट. पुढे चला.

शेवटी त्यानं काय केलं? पासष्ट हजार परत बँकेत. रेसचे टायर आणि लॅटेक्स ट्यूब घेतल्या. आठ वॉट म्हणजे ९० किलोमीटरला अडीच मिनिटांच्या वर, १६० सेकंद. पण त्याच्या मनात भीती होती: पातळ टायर, पंक्चर झालं तर? तोही हिशोब केला. पंक्चर काढायला आठ मिनिटं, म्हणजे ४८० सेकंद, धरली तर पंक्चरची शक्यता एक-तृतीयांशानं वाढेपर्यंत सरासरीनं पातळ टायरच फायद्याचा. तो म्हणाला, "सरासरीनं ठीक आहे ताई, पण मी एकदाच जाणारे. दोन पंक्चर झाली तर रेसच संपली." बरोबर आहे त्याचं. म्हणून मागे थोडा जाड, पुढे पातळ अशी तडजोड केली. जास्त वजन मागच्या चाकावर असतं आणि पंक्चरही बहुधा मागेच होतं.

लॅटेक्स ट्यूबमधली हवा रातोरात उतरते, त्यामुळे रेसच्या पहाटे पंप लागतोच. टायर निदान दोन आठवडे आधी चढवून खऱ्या रस्त्यावर चालवून घ्यायचे. मागच्यासाठी खोल चाक तो आता दोन दिवस भाड्यानं आणतोय, हौस म्हणून. मी काही बोलले नाही. फक्त सोबतच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ६० मिलिमीटरच्या रिममधून बाहेर येतो का, ते आजच बघ म्हटलं. त्यानं बघितलं. येत नव्हता.